प्रभुभोजनाचा प्याला आणि माझा पुरावा

कोरोनानंतर मी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या प्याल्याला तोंड लावणं बंद केलं. भाकर घ्यायची आणि प्याला आला की हात जोडून मान हलवायची. आमच्या दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत द्राक्षारसाचा एकच चांदीचा प्याला सगळ्यांमध्ये फिरायचा. प्रत्येकाच्या घोटानंतर त्याची कड पांढऱ्या रुमालाने पुसायचं काम माझ्या बाबांकडे. निवृत्तीनंतर ते माझ्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर राहायला आले आणि हे काम त्यांनी मागून घेतलं. त्यामुळे माझी हलणारी मान सगळ्यांत जवळून तेच बघत.

मी सरकारी प्रयोगशाळेत जंतूंवर काम करते. बाबांनी सरळ ठरवून टाकलं, पोरगी शिकली आणि तिचा विश्वास उडाला. बोलत काही नव्हते, पण जेवणाआधीची त्यांची प्रार्थना लांबत चालली आणि तिच्यात वाट चुकलेली लेकरं रोज यायला लागली. भाजी गार व्हायची. मला फक्त जंतूंची भीती होती हो! पण साधं तोंडाने सांगायचं सोडून मी पुरावा गोळा करायला निघाले. आम्हा लॅबवाल्यांची खोडच ती.

एका रविवारी उपासनेनंतर मी प्याल्याच्या कडेवरून ओला कापूस फिरवला, दुसरा रुमालावरून फिरवला आणि लॅबमध्ये दोन्ही नमुने जंतू वाढवायच्या बशांमध्ये लावले. दोन दिवसांनी बघते तर प्याल्याच्या बशीत तुरळक ठिपके. रुमालाच्या बशीत मात्र पिवळी, पांढरी, गुलाबी अशी नुसती जत्रा! तो रुमाल बाबा स्वतः धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून नेत. तरी संध्याकाळी फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरलाच.

"हे माझ्या रुमालावरचं?"

"हो बाबा. एकाचं पुसलेलं पुढच्याला लागतं ना."

"आणि म्हणून तू प्याला घेत नव्हतीस?"

"म्हणूनच."

"बस, एवढंच?" बाबा हसत सुटले. "अगं, मी इकडे रोज देवाशी भांडतोय, लॅबने माझी पोरगी नेली म्हणून! आधी बोलायचंस ना यार!"

"तुम्ही तरी विचारायचंत," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. इतके महिने आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो. बाबांनी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. "रंग मात्र काय दिलेत देवाने! ही गुलाबी बघ."

मग त्यांनीच पाळकसाहेबांना गाठून रुमाल बंद करवला. दोन ज्येष्ठ कुरकुरले, त्यांनाही तोच फोटो दाखवला. करोल बागेतून प्रत्येकाला वेगळा असे स्टीलचे इवलेसे पेले आणले आणि शनिवारी आमच्या कुकरमध्ये रचले. लॅबमध्ये आम्ही पंधरा मिनिटं ठेवतो, असं मी सांगितलं. त्यांनी वीस ठेवले. "पाच माझ्यातर्फे," म्हणाले.

रविवारी बाबा तबक घेऊन माझ्या बाकापाशी आले. मी पेला उचलला आणि प्यायले. आता त्यांनी पुढे जायचं, पण ते हलेचनात. शेजारच्या बाई हात पुढे करून ताटकळत होत्या. शेवटी मी रिकामा पेला उलटा करून दाखवला, तेव्हा कुठे ते डोळे पुसत पुढे सरकले.