सरांचा अबोला

मस्तगडातल्या दीनानाथ सरांनी कॉलेजात एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न असायचा: पोरगं आईला उलटून का बोलतं? मनोविश्लेषणवाला म्हणेल, त्याचं बालपण उकरा. जीवशास्त्रवाला म्हणेल, मेंदू तपासा. बोधनवाला म्हणेल, ते मनात काय अर्थ लावतंय ते विचारा. मानवतावादी म्हणेल, आधी त्याला जवळ तर घ्या. आणि वर्तनवादी म्हणेल, शाबासकी अन् शिक्षा बराबर वापरा, पोरगं सुधारतं. "पेपरात पाचही लिहा," सर म्हणायचे, "घरी मात्र शेवटचाच कामाला येतो."

नुसतं म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. पण सरांनी ते घरी खरंच चालवलं, तेही एकुलत्या एका लेकीवर. यशश्रीवर कधी हात उगारला नाही, याचा केवढा अभिमान त्यांना! मार्क चांगले आले की पाठीवर हात, कमी पडले की अबोला. गणितात सत्तर पडले, आठ दिवस. न विचारता नाटकात काम केलं, पंधरा दिवस. पोर आधी दाराआड उभी राहून रडायची, मग रडायची थांबली. सरांना वाटलं, गुण आला. त्या दिवसांत सगळं बोलणं तिच्या आईच्या, सरोजिनीबाईंच्या मार्फत चालायचं. "तिला सांग, जेवून घे." "आई, बाबांना सांग, भूक न्हाई." अन् तिघं बसलेले एकाच खोलीत, बरं का.

तिनं स्वतःच्या पसंतीनं ऋषीशी लग्न केलं, तेव्हा सरांनी सात वर्षं अबोला धरला. पुण्याहून फोन यायचा तो सरोजिनीबाईंच्या मोबाईलवर. "अहो, तब्येत विचारतीय तुमची." "सांग, बरी आहे."

मागच्या महिन्यात सरोजिनीबाई गेल्या. यशश्री आली, तेरावं होईपर्यंत राहिली. रोज सकाळी सरांसमोर चहा ठेवायची, जराशी थांबायची, निघून जायची. सरांच्या तोंडात यायचं, "तिला सांग..." आता सांगायचं कुणाला?

चौदाव्या दिवशी ती बॅग भरायला बसली. आज ती अशीच गेली तर परत यायची नाही, हे त्यांना कळत होतं. दारात उभं राहून ते म्हणाले, "यशू, चुकलो गं मी. राग सोड. बोल माझ्याशी."

तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. बऱ्याच वेळानं कसंबसं म्हणाली, "राग न्हाई, बाबा. तो केव्हाच गेला. काय काय बोलायचं ते गाडीत ठरवत येते मी. तुमच्यासमोर आले की घसाच मिटतो."

शिक्षा थांबली तरी तिची सवय अंगात मुरून राहते; याला काय म्हणतात, ते सरांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. ती पाया पडली, रिक्षात बसली.

संध्याकाळी सरोजिनीबाईंचा मोबाईल वाजला. सरांनी तो पहिल्यांदाच उचलला.

"पोचलीस का?"

पलीकडं नुसता श्वास.

"मी बरा आहे," सर म्हणाले. "जेवलो." जेवले नव्हते. दोघांनी बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला, पण पलीकडून शब्द आला नाही.