दाखवायच्या गाड्या

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई बाहेर आली, तर सासरचा मेंढरांचा वाडा जवळजवळ रिकामा. भावकी आपापली मेंढरं हाकत घराकडं निघालेली. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना वाडा भरलेला दिसावा, म्हणून ती लग्न लागेपर्यंत आणून कोंडली होती. सिल्लोडकडच्या त्या घरांत याला फसवणूक म्हणत नसत, मदत म्हणत. सुगंधाबाई तेव्हापासून दूधसुद्धा दूधवाल्याचं तोंड बघून घ्यायची.

पुढं तिच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, उरलेली मेंढरं विकून ट्रक घेतला अन् दोघं वाळूजला आली. तिथं कारखाने वाढत होते, माल पोचवायचं काम बाहेरच्यांना देत होते. एका कारखान्याचं काम मल्हारीला मिळालं.

"एका गाडीवर एवढं काम?" तिनं विचारलं.

"भावकी हाय ना."

"कागदावर काय लिव्हलं?"

"तू जेव गप."

कारखान्याचे मॅनेजर नानासाहेब गाड्या बघायला आले, तेव्हा अंगणात पाच ट्रक उभे होते. सुगंधाबाईला तो जुना वाडाच पुन्हा भरल्यासारखा वाटला. पण चहा तिनंच नेऊन दिला.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. बंद लागला. कुठल्या वळणावर दगड येईल याचा नेम नव्हता. भावकीनं आपापल्या गाड्या गावाकडं नेल्या अन् कारखान्याचा माल फाटकातच अडकला. पाठोपाठ वकिलाची नोटीस आली: पाचही गाड्या मालकीच्या आहेत असं खोटं सांगून करार मिळवला, तो रद्द का करू नये?

"तुझ्या भावानंच चुगली केली असंल," मल्हारी म्हणाला. पाचातली एक गाडी सुगंधाबाईच्या भावाची, बिरूची होती.

"बिरू करंल बी. पण अवो, तुमी मला तरी कुठं खरं सांगितलं व्हतं?"

"आता ते नको. साहेब येतोय. इचारलं तर म्हणायचं, गाड्या आपल्याच, बंदात नादुरुस्त पडल्या. काम गेलं तर ही गाडी बसून राहील, एवढं ध्यानात ठेव."

नानासाहेब आले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी ती रुमालानं पुसली.

"मल्हारी काहीही सांगेल. वहिनी, तुम्ही सांगा. गाड्या कुणाच्या?"

मल्हारी खाकरला. सुगंधाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"एक आमची. एक माझ्या भावाची, बाकीच्या भावकीच्या."

"म्हणजे आम्हाला फसवलं."

"व्हय. पण साहेब, त्या दिशी तुमी बिरूच्या गाडीला टेकून च्या पेला. दारावर त्याचं नाव रंगवलेलं. तुमी वाचलं अन् हसला. तवा का नाय इचारलं?"

"मला तसं काही आठवत नाही."

हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. पहिल्यांदा माहेरी गेल्यावर तिनं बापाला विचारलं होतं, आबा, मेंढरांवरच्या खुणा वेगवेगळ्या व्हत्या, दिसल्या नाय का? बापही असाच म्हणाला होता, आठवत नाय. सासरच्यांनी हुंडा मागितला नव्हता. मल्हारीनंही कारखान्याला भाडं सगळ्यांत कमी सांगितलं होतं.

नानासाहेब उठले. करार मोडला. चहा तसाच राहिला.

"गार झाला का जीव?" मल्हारी म्हणाला. "काम गेलं."

"गाडी हाय ना? का ती बी कुणाची?"

"आपली हाय, बाई. थांब, कागद दावतो."

"कागद नको. चावी द्या."

चावी तिनं पदराला बांधली. रोज सकाळी मल्हारी हात पुढं करायचा, तेव्हाच ती गाठ सोडायची.

बंद उठल्यावर दुसऱ्या एका कारखान्याचा माणूस चौकशीला आला. गाड्या किती, त्यानं विचारलं. मल्हारीनं तोंड उघडायच्या आत आतून उत्तर आलं, "एक. अन् भाडं कमी व्हणार नाय."