ओले हात

"घाबरट माणसानं बनवलेलं मशीन शंभर वर्षं टिकतं," असं आमचे अंकल म्हणायचे आणि लगेच छातीवर क्रूसाची खूण करायचे. वसईचे इलेक्ट्रिशियन. नव्वदच्या सुमारास ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. एक बल्ब बदलायला अख्ख्या कारखान्याची वीज बंद करायचे. जमलं असतं तर शेजारच्या कारखान्याचीही केली असती.

आमच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, मस्कतच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पिनबॉलचं जुनं मशीन कॅन्टीनसाठी आणलं. चार पायांवर काचेची उतरती पेटी, आत लोखंडी गोळी, बाजूला दोन बटणं. दुसऱ्याच दिवशी आमचा मल्याळी आचारी तिच्या स्टीलच्या पट्टीला टेकला आणि असा उडाला, की शपथेवर सांगतो, उतरला तो थेट डोंगरापलीकडच्या निझव्याच्या बाजारात.

अंकलनी पेटी उघडली. आत कापड गुंडाळलेल्या तारांचं रान. शिकागोचा माल. तिथं म्हणे बायका खिळे ठोकलेल्या फळीवर एकेक तार पसरून जुड्या बांधायच्या, मग एकेक सांधा सोल्डर करायच्या. अंकल म्हणाले, ही बाई डावखुरी होती, सोल्डर बघ कुठं झुकलंय. पुढच्या सांध्यापाशी मात्र त्यांचा चेहरा उतरला. तो सांधा नंतर कुणीतरी नुसता पिळून ठेवला होता. त्यात मशीन इतकं जुनं, की आखणाऱ्यानं अर्थिंगची तारच दिली नव्हती. वीज सुटली की सरळ पट्टीवर.

तीन दिवस खपून अंकलनी सांधे पक्के केले, अर्थिंग जोडलं. शुक्रवारी फोरमन लोकांची पोरं खेळायला येणार होती. मी म्हटलं, टेस्टर पेटत नाही ना, मग खलास, काम झालं.

"टेस्टर कोरडा असतो बाबा. पोरांचे हात घामानं ओले."

त्यांनी हात बादलीत बुडवले, चपला काढल्या, दोन्ही तळवे पट्टीवर टेकले. ओठ पांढरेफटक.

"दाब."

माझं बोट स्विचवर. गावभर थापा मारणारा मी, पण बोट मागं घेतलं.

"दाब रे. मी पळून जायच्या आत दाब."

दाबलं. दिवे लागले, घंट्या वाजल्या. अंकल डोळे मिटून तसेच उभे. ते जिवंत आहेत हे कळेपर्यंत माझे दोन जन्म झाले. मग म्हणाले, पोरांना बोलाव.

पुढं दर शुक्रवारी हेच. आणि दर शुक्रवारी तेवढेच घाबरायचे.

व्हिसा संपला, अंकल वसईला गेले. त्या शुक्रवारी पोरं दारात येऊन उभी राहिली. मी हात बादलीत बुडवले. बराच वेळ बुडवून ठेवले. मग पुसले, आणि पोरांना सांगितलं, मशीन बिघडलंय.