दोन हरभऱ्यांची आंब

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात मी शेतात डॉलर हरभरा पेरायचा हट्ट धरला. पांढरा, टपोरा दाणा. मला तो बघूनच आवडला होता. नवरा तयार झाला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बांधाकडची एक पट्टी घरच्या जुन्या बियाण्याला मागून घेतली. त्यांना आंब हवी असते. पहाटे दवाने भिजलेल्या हरभऱ्यावरून धुतलेलं फडकं फिरवायचं, पिळायचं आणि ते आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं. कुणाचं पोट दुखलं की माणूस आमच्या दारात हजर.

घाटे धरले आणि माझ्या डॉलरवर अळी पडली. आत्याबाईंच्या पट्टीत मात्र अळी शोधावी लागत होती. मी चिडले. नवऱ्याला म्हटलं, काढा पंप, फवारा. पण पट्टी अगदी लागून. वाऱ्याने औषध तिकडे गेलं तर आत्याबाईंची वर्षाची आंब गेली. त्या भांडल्या नाहीत, नुसतं आंबेचं फडकं घडी करून ठेवून दिलं. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर गेले आणि दोन्हीकडे वेगवेगळं फडकं फिरवलं. डॉलरची आंब जेमतेम आंबट. जुन्याची जिभेला लावली आणि माझे दात आंबले. अळी तिकडे काहून जात नाही, ते आता कळलं. आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघून पोट धरून हसलो.

पंप तसाच ठेवायला लावून मी डॉलरमध्ये तुराट्या रोवल्या, वर आडव्या काड्या बांधल्या. साळुंक्या आल्या, कोतवाल आले. काडीवर बसायचं, खाली झेपावून अळी उचलायची, पुन्हा काडीवर. काही घाटे पोखरले गेले, पण पीक वाचलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आत्याबाई मात्र रुसल्या. त्यांच्या पट्टीकडे एक पाखरू फिरकेना. अळीच नाही, तर येतंय कोण? माझ्या हरभऱ्यानं या पाखरायचं काय घोडं मारलं, असं रोज पुटपुटायच्या.

पुढच्या पेरणीला मी मुकाट्याने सगळं जुनंच बियाणं निवडायला बसले. त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

"थोडा डॉलरबी पेर, पोरी. माझ्या आंबेपायी पाखरायनं काहून उपाशी राहावं?"