पश्चिमेच्या भिंतीलगतची झाडं

झाडं मी मारली आणि नाव माळ्याचं घेतलं. हे एवढं वाक्य कबूल करायला मला सहा महिने लागले.

शहराच्या दक्षिणेला एका लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं, तेव्हा समोर आणि पश्चिमेच्या भिंतीलगत थोडी जागा उरली. मिहानमधल्या आमच्या कंपनीच्या आवारात पिवळ्या ड्युरांटाची कातरलेली कुंपणं आहेत, रंगीत क्रोटन आहेत, ओळीने अरेका पाम आहेत. जेवणाच्या सुट्टीत तिथून चालताना वाटायचं, आपलं घरही असंच दिसावं. मी मोबाइलवर फोटो काढले आणि माळ्याला दाखवले.

माळी साठीच्या घरात आलेले. उमरेडच्या विणकरांच्या घरचे. हातमाग बंद पडल्यावर झाडांकडे वळलेले. आमच्या लेआउटमधल्या चार घरांचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी फोटो पाहिले, मग भिंतीकडे पाहिलं.

"साहेब, ही भिंत दुपारपासून तापते. इथं कण्हेर लावा, तगर लावा, बोगनवेल चढवा. पाम पूर्वेला घ्या. क्रोटनले सावली पाहिजे."

"कण्हेर तर रस्त्याच्या मधात दुभाजकावरही असते," मी म्हणालो.

"म्हणूनच तर सांगून राहिलो. जे तिथं जगते, ते इथंबी जगते."

मी ऐकलं नाही. फोटोतल्यासारखंच हवं होतं. त्यांनी वाद घातला नाही. खड्डे खणले, शेणखत घातलं, सगळी झाडं सरळ ओळीत लावून दिली आणि पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली. होळीपर्यंत बाग खरोखरच देखणी दिसत होती. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मी मुद्दाम फाटकाशी उभा राहायचो.

मग कूलर सुरू झाले. आमच्याकडे बोअरचं पाणी. कूलरच्या टाकीत दिवसभर तेच फिरतं, उडून जातं, पुन्हा भरतं. उरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. ते वाया का घालवायचं म्हणून एका रविवारी मी टाकीला पाइप जोडला आणि भिंतीलगतच्या वाफ्यात सोडला. आपल्याला फार अक्कल आहे असं त्या दिवशी वाटलं होतं.

पंधरा-वीस दिवसांत क्रोटनच्या पानांच्या कडा करपल्या. पामची टोकं तपकिरी झाली. माळी उकिडवे बसून माती चोळत म्हणाले, "साहेब, मातीवर पांढरं येऊन राहिलं. हा पाइप काढा."

"पाणी पाणीच असते, भाऊ. तुम्ही खत बघा."

खरं तर कूलरच्या गवताच्या ताट्यांवर तसाच क्षाराचा पांढरा थर बसतो, हे मी दरवर्षी बघत आलो होतो. पण पाइप काढला असता तर चूक मान्य करावी लागली असती.

शेवटी वाफ्यात काड्याच उरल्या. शेजारचे निवृत्त काका सकाळी फाटकाशी थांबले आणि हसले, "काय गा, बगीचा लावला का सरपण जमवून राहिला?"

त्यांच्याबरोबर फिरायला निघालेले लेआउटमधले आणखी दोघे हसले; तिघांकडेही आमचेच माळी यायचे. मी म्हणालो, "काय करता काका, माळ्यानं भलतंच औषध मारलं. सगळी झाडं जाळून टाकली त्यानं."

असं औषध कुणी मारलंच नव्हतं. ते वाक्य कुठून आलं, मला अजून कळत नाही. मात्र ते म्हणताना जीव हलका झाला होता, हे आठवतं आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

मी माळ्याला यायला नको म्हणून सांगितलं. महिनाभरात काकांनी आणि त्या दोघांनीही त्यांना काढलं. चारही घरं गेली. पत्नीने विचारलं, "औषध कधी मारलं होतं त्यांनी?" मी चप्पल घालून बाहेर पडलो.

तेव्हापासून मला घरात बसवेना. पाइप मी गुपचूप काढून ठेवला होता. संध्याकाळी चहा हातात घेऊन वाफ्याभोवती फेऱ्या मारायचो. एकदा सक्करदऱ्याच्या चौकात माळी सायकलवर दिसले, मागे कात्री बांधलेली. मी गाडी वळवली आणि लांबच्या रस्त्याने घरी आलो. दुसऱ्या आठवड्यात त्याच चौकात मुद्दाम उभा राहिलो. ते आले नाहीत, तर सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा गेलो. असं कितीदा तरी केलं.

दसऱ्याच्या आधी ते एका नर्सरीत पिशव्या भरताना सापडले. मी म्हणालो, "भाऊ, या ना परत कामाले. कण्हेर लावू, तुम्ही म्हणता तशी."

त्यांनी मान वर केली नाही. "आता काहून? आता तर कोणाच्याच घरी मी झाडं जाळत नाही."

"चूक माझी होती. कूलरचं पाणी होतं ते."

"ते मले तेव्हाच माहीत होतं, साहेब. मले काय सांगता? ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोर सांगा."

मी बोलावलं तसे रविवारी ते आले. आत यायला तयार नव्हते. मीच त्यांना घेऊन काकांच्या फाटकाशी गेलो. काका पेपर वाचत होते. त्यांच्याबरोबर सकाळी फिरणारे ते दोघेही तिथेच होते. काका म्हणाले, "अरे, याले काहून आणलं गा?"

माळी खाली बघत होते.

"काका, यांनी कोणतंच औषध मारलं नव्हतं. मी कूलरचं खारं पाणी सोडलं, त्यानं झाडं मेली. यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही हसले म्हणून मी खोटं बोललो." मग मी माळ्याकडे वळलो. "भाऊ, तुमची घरं माझ्या खोट्यानं गेली. मले माफ करा."