मामाचं नाव ऐकू आलं पाहिजे

आधीच माफी मागतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय एवढं मोठं मी कधी काही लिहिलेलं नाही. बालाजीवर लिहायचा हक्क त्याच्या घरच्यांचा, भावकीतल्या शिकलेल्या माणसांचा. नाहीतर वसमतच्या निखिलचा. त्याला आवाजातलं शास्त्र कळतं, तो हे माझ्यापेक्षा चांगलं लिहील. पण खरं सांगायचं तर निखिलनं लिहायच्या आत आपण लिहावं, म्हणूनच मी घाईनं बसलो आहे. बालाजीला जाऊन काही आठवडेच झालेत आणि माझ्या मनात असलं येतं, याची लाज वाटते... पण येतं.

बालाजी आणि मी अकरावी-बारावीला हिंगोलीत एका बाकावर होतो. तो आखाडा बाळापूरहून एसटीनं यायचा, मी कळमनुरीला चढायचो. माझी जागा तो दप्तर ठेवून धरायचा आणि त्यावरून रोज कोणाची तरी बोलणी खायचा. आमच्या दोघांत एकच इयरफोन होता, त्याचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. तेव्हा मतभेदाचा प्रश्नच नव्हता, दोघांनाही अर्धं अर्धंच ऐकू यायचं. बारावीनंतर मी कॉलेजात राहिलो आणि त्यानं चुलत्याच्या खताच्या दुकानामागची खोली घेतली. भिंतींना आईनं शिवलेल्या गोधड्या ठोकल्या, एक माइक, एक जुना कॉम्प्युटर आणला आणि दारावर ‘स्टुडिओ’ असं खडूनं लिहिलं. खोलीला युरियाचा वास यायचा. गाणाऱ्या बायका नाकाला पदर लावून आत यायच्या आणि पदर काढून गायच्या.

त्याचं मुख्य काम लग्नाच्या गाण्यांचं. आमच्याकडे वरातीत वाजवायला खास गाणं करून घेतात. त्यात नवरदेवाचं नाव तर असतंच, पण मामा, मावसे, आत्या, थोरले जावई अशी सगळी नावं गुंफावी लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोठमोठे साउंड बॉक्स बांधलेले असतात आणि समोर सगळा गोतावळा आपलं नाव कधी येतं याची वाट बघत नाचत असतो. चाल थोडी इकडेतिकडे झाली तर चालते, पण मामाचं नाव ऐकू आलं पाहिजे.

हेडफोनचं भांडण इथूनच सुरू झालं. बालाजीनं स्टुडिओत वापरतात तसले, पण त्यातले स्वस्तातले हेडफोन मागवले. पुढच्याच महिन्यात मीही घेतले. मला त्यांची काही गरज नव्हती. त्याच्याकडे आहेत म्हणून घेतले, आणि मुद्दाम दुसऱ्या कंपनीचे घेतले. मोबाइलवर त्या दोन्हींबद्दल सांगणारे ढीगभर व्हिडिओ होते. एक जण ज्याला स्वच्छ म्हणायचा त्यालाच दुसरा कोरडं म्हणायचा, एकाला जे भरदार वाटायचं ते दुसऱ्याला गढूळ. आम्ही तेच हिंगोली जिल्ह्याच्या भाषेत बोलायचो. त्याच्या हेडफोनमध्ये हलगीवर पडणारी काडी वेगळी ऐकू यायची, माझ्यात हलगी पोटात वाजायची.

“तुझ्या डब्यात समदी गाणी लग्नाचं जेवून आल्यावानी वाजतेत,” तो म्हणायचा. “जड.”

“अन् तुझ्यात एकादशी धरल्यावानी.”

“खरं तेच ऐकू येतंय माझ्यात, परम्या.”

“एवढं खरं कोणाला ऐकायचंय गा?”

मग तो माझे घालायचा, मी त्याचे, आणि त्याची आई चहा घेऊन येईपर्यंत दोघंही आपापलंच कसं बरोबर ते ओरडून सांगायचो, कारण कान झाकलेले असायचे. ते दिवस मला सगळ्यात आवडते होते. आमचं कधीच जमलं नाही आणि जमावं असं मला वाटतही नव्हतं.

मग निखिल आला. वसमतचा, पण पुण्याहून साउंडचा कोर्स करून आलेला. आपल्या गावाकडे कोणीतरी असलं काम करतंय हे ऐकून तो बालाजीला भेटायला आला आणि त्यानं पिशवीतून हेडफोन काढले, तर ते अगदी बालाजीच्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे. बालाजीचा चेहरा असा फुलला, जणू जत्रेत हरवलेला भाऊ सापडला. मी तिथंच, गोधडीला टेकून उभा होतो. दोघं आकड्यांत बोलायला लागले, कुठला आवाज किती वर, किती खाली. मला त्यातलं काही कळेना. निखिलनं माझे हेडफोनही एकदा घालून बघितले आणि लगेच काढून हातात दिले. “छान आहेत,” तो म्हणाला, “बसमध्ये ऐकायला.” बालाजी हसला. तो वाईट हेतूनं हसला नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यानं काही कमी लागलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाळापूरजवळच्या एका गावातल्या लग्नाचं गाणं तिघांनी बसून केलं. शेवटी मी माझ्या हेडफोनवर ऐकलं आणि म्हणालो, “शेषराव मामाचं नाव ढोलाखाली बुडून राहिलं.” बालाजीनं पुन्हा ऐकलं. “बराबर ऐकू येतंय की.” निखिलकडे बघितलं. निखिल म्हणाला, “त्याच्या हेडफोनमध्ये ढोल जास्तच आहे. त्यावर जाऊ नको.” बालाजी त्याच्यावर गेला, माझ्यावर नाही.

वरात निघाली. शेषराव मामा पांढरा फेटा बांधून ट्रॅक्टरसमोर उभे. त्यांनी आपल्या गावचे दहा-वीस लोक नाव ऐकायला म्हणून सोबत आणले होते. मावशांची नावं आली, आत्याचं आलं... आणि मामाच्या नावावर ढोल असा कोसळला की नुसतं ‘राव’ ऐकू आलं. ते राव कोणीही असू शकत होते. मामा बाजूला जाऊन लिंबाखाली बसले. अक्षतांची वेळ झाली तरी उठेनात. नवरदेवाचा बाप हात जोडून उभा, तर मामा म्हणतात, “ज्याचं नाव वाजलं त्याला उठवा.” शेवटी बालाजीनंच ट्रॉलीवर चढून, गाणं बंद करून, माइकमध्ये गळा ताणून ‘शेषराव मामाऽऽ’ अशी आरोळी दिली. पुन्हा दिली. तिसऱ्या आरोळीला मामा फेटा सारखा करत उठले.

परत येताना आम्ही तिघं एकाच गाडीवर होतो, मी सगळ्यात मागं. बालाजी मान वळवून म्हणाला, “परम्या, तुझे हेडफोन बराबर व्हते गा. पक्के ट्रॅक्टरवानी वाजतेत.” मी फार खूश झालो. घरी पोचेपर्यंत ती खुशी उतरली. माझे हेडफोन बरोबर होते. मी बरोबर होतो, असं तो म्हणाला नव्हता. पुढं प्रत्येक गाणं झालं की त्याचा फोन यायचा, “ट्रॅक्टर घेऊन ये.” मी हातातलं सोडून जायचो. निखिलला तो “ऐकायला ये” म्हणायचा. एवढासा फरक, पण मी तो कितीतरी महिने मनात घोळवला. त्याला निखिलचा कान हवा होता आणि माझी फक्त वस्तू.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. कावीळ आहे, उतरेल, असं सगळे म्हणत होते. उसाचा रस चालू होता, गावठी औषध चालू होतं. काकू, म्हणजे त्याची आई, दारातूनच मला म्हणाल्या, “तूच सांग बाबा ह्याला. लेकरू झोपत न्हाई, कानाला ते डबे लावूनच बसतंय.”

“नवीन करून राहिलो,” बालाजी म्हणाला. “लग्नाचं न्हाई. माझं सोताचं. कोणाचंच नाव न्हाई त्यात.”

“ट्रॅक्टर आणू का?” मी जरा टोचूनच विचारलं.

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “नको. झालं की पाठवतो. तू मोबाइलवर ऐक, कशावर बी ऐक. तुला कसं वाटलं तेवढं सांग.”

एवढ्यावर मी गप्प राहायला हवं होतं. पण मी विचारलं, “निखिलला पाठवलं?” तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तू लय येडा हाईस.”

मी वाट बघत राहिलो. त्याला नांदेडला दवाखान्यात हलवल्याचं कळलं, पण माझी परीक्षा सुरू झाली होती, त्याचा फोन बंद लागायचा आणि घरच्यांपैकी कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मध्येच निखिलनं स्टेटसला टेबलावरच्या हेडफोनचा फोटो टाकला, खाली लिहिलं होतं, ‘ऐकतोय’. बस्स. माझ्या मनानं घेतलं की गाणं झालंय आणि ते वसमतला पोचलंय. त्याला फोन करून विचारायला माझी जीभ वळेना.

शेवटचा पेपर देऊन मी हिंगोलीच्या बसस्थानकावर उभा होतो. बंद ठेवलेला मोबाइल चालू केला आणि तेवढ्यात निखिलचाच फोन आला. मला वाटलं, आता हा गाण्याचं कौतुक सांगणार. मी दोन-तीनदा वाजू दिला, मग उचलला. पलीकडून त्याचा आवाज आला, पण त्यात पुणं कुठंच उरलं नव्हतं.

“परम्या, मला काहून सांगितलं न्हाईस रे? तुला तर सकाळीच कळलं असंल. तुला घरचेच धरतेत ते. एक फोन करायचा... मातीला तरी पोचलो असतो की मी.”

“कुणाच्या मातीला?” मी विचारलं.

गाड्यांचे आवाज येत राहिले, त्याच्याकडचे आणि माझ्याकडचे. मग तो अगदी हळू म्हणाला, “म्हंजे... तुला बी न्हाई सांगितलं कुणी?”