तायडे सरांच्या कवितेतली आई

तायडे सर कविता म्हणताना डोळे मिटून घेत. एरवी आमच्या अमरावतीच्या शाळेत त्यांच्याइतका बोलका माणूस नव्हता. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकले की, "काय म्हन्ता सायेब, चहा झाला का नाई?" अशी आरोळी ठोकत. पण कविता सुरू झाली की डोळे मिटत, वऱ्हाडी बोली दाराबाहेर राही आणि पुण्याच्या प्राध्यापकाने कान टवकारावेत अशी भाषा त्यांच्या तोंडून येई. तुम्ही गद्य का लिहीत नाही, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "गद्यात गाव सांगा लागते, घर सांगा लागते. कवितेत कोनी पत्ता इचारत नाई गड्या."

मला ते वाक्य फार आवडले. चारचौघांत मी ते स्वतःचे म्हणून खपवीतही असे. सर ते गमतीने बोलले नव्हते, हे कळायला मला अकोल्याला जावे लागले.

अकोल्याच्या एका शाळेत शिक्षकांचे कविसंमेलन होते. सरांची 'आई' ही कविता तोवर आमच्या भागात चांगलीच गाजली होती. त्यांची धाकटी बहीण अकोल्यात दिलेली, आणि माय भातकुलीकडच्या गावाहून तेव्हा तिच्याकडे आलेली. सरांनी मायला बोलावले नव्हते. बहिणीनेच तिला आणून पहिल्या रांगेत बसवले. तिला पाहताच सर हातातले कागद चाळू लागले. त्यांना दुसरी कविता म्हणायची होती. पण 'आई! आई!' असा गलका झाला, आणि गलका करणाऱ्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता.

सरांनी डोळे मिटले. कवितेतली आई पहाटे उठून सडा घालते, तुळशीला पाणी घालते, देवघरात समई लावते, लोणी कढवते. तिच्या हातांना चंदनाचा वास येतो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही भरून आले, कारण ती आई हुबेहूब माझी होती. सरांच्या मायने जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला. तुळस तिच्या अंगणात कधी नव्हतीच, आणि धर्मांतराच्या साली घरातले होते नव्हते तेवढे देव तिने आपल्या हाताने नदीत सोडले. हे सगळे मला ठाऊक होते. तरी कवितेत मला काहीच खटकले नाही, याची शरम अजून जात नाही.

परतताना बदनेऱ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरला वेळ होता. माय आम्हाला पोचवायला स्टेशनवर आली. बाकावर टेकल्यावर तिने सरांना विचारले, "बापू, ते बाई कोन होती रे?"

"कोनती बाई?"

"तुह्या कवितेतली. लय चांगली होती बापा. उमरावतीले शिकत होता तवा तुले जेवाले घालत होती का?"

सर हातातले तिकीट उलटेपालटे करू लागले. ती पुढे म्हणाली, "मले एक डाव ने तिच्या घरी. हात जोडीन तिले. माह्या लेकराले लोनी चारलं तिनं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच त्या बाईचे उपकार वाटत होते. सर खाली बघत म्हणाले, "वारली ते."

"अरेरे," म्हणून माय हळहळली.

गाडीत मूर्तिजापूर आल्यावर सरांनी कवितेचे कागद पिशवीत कोंबले. मग म्हणाले, "लपाले गेलो होतो गड्या कवितेत. मायले बाहेर ठेवलं अन् आतून कडी लावली."

त्यानंतर त्यांनी कविता केली नाही. मायवर गद्य लिहायला घेतले, फाडले, पुन्हा लिहिले. अखेर एक लेख जमला. तो छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायचा होता. धीर म्हणून मला गावी नेले. माय ओसरीत सुपात तूर निवडत होती. सर वाचू लागले, आणि या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. वेचणीने फाटलेली बोटे आली, दुसऱ्यांचे वावर आले, जवसाची चटणी-भाकर फडक्यात बांधून अमरावतीच्या बोर्डिंगपर्यंत पायी येणारी माय आली. आता काही राहिले नाही, असे मला वाटले.

माय सुपातून मान वर न करता म्हणाली, "सारं खरं हाये. पन कोन आलं म्हनून बोर्डिंगातल्या पोराईनं इचारलं, तवा तू काय सांगतलं, ते नाई लिवलं?"

सरांनी कागद मांडीवर ठेवले.

"गावची बाई हाये, म्हनलं तू. म्या आयकलं होतं. भाकर दाराशी ठेवली अन् निंगून गेली मी."

"इतके दिस बोलली नाई, माय?"

"काय बोलू? तवा तुले माही लाज वाटे. आता वाटत नसन तं लिव."

पुढच्या वर्षी अकोल्याच्या त्याच शाळेच्या हॉलमध्ये सरांनी तो लेख वाचला. पहिलेच वाक्य होते, 'मी माझ्या मायला एकदा गावची बाई म्हटले होते.' वाचन संपले तरी कोणी टाळी वाजवली नाही. लोक चुळबुळत राहिले. मग मागून कोणीतरी म्हणाले, "सर, त्यापेक्षा ती 'आई' म्हणा ना!"

सर जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण त्यांचा त्या वेळचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुण्याची भाषा त्यांनी लेखाच्या कागदांतच ठेवली होती.

"ते बाई वारली," सर म्हणाले, आणि पहिल्या रांगेकडे हात केला. "माही माय हे इथं बसली हाये."

मायने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती मागे वळून लोकांकडे बघू लागली. मी तिच्याच रांगेत होतो. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.